भांगेच्या शेतातला कचरा: धुळीत, कोंड्यात आणि पेंडीत काय उरतं?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगन प्रांतात राहतो. इथे बटाट्याच्या आणि बीटच्या शेतांमध्ये अधूनमधून औद्योगिक भांगेचे पट्टे दिसतात. ऑगस्टमध्ये हे पीक माणसाच्या दुप्पट उंच होतं. लागवड वाखासाठी (सालीतल्या धाग्यासाठी) आणि बियांसाठी असते, नशेसाठी नाही. युरोपीय संघात अशा पिकात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, 0.3 टक्क्यांच्या वर चालत नाही (2023 पूर्वी ही मर्यादा 0.2 होती).

माझं काम वाख काढून झाल्यावर जे उरतं त्याच्याशी आहे. वाळलेली 100 किलो ताटं गिरणीत घातली की साधारण 28-30 किलो वाख, 55 किलोच्या आसपास सणकाड्यांचे (ताटाच्या आतल्या लाकडाचे) तुकडे आणि 15 किलोभर धूळ निघते. वाखाला गिऱ्हाईक आहेच. सणकाड्याही घोड्यांच्या तबेल्यात अंथरायला आणि चुन्यात कालवून भिंती बांधायला जातात. धूळ मात्र हवेच्या नळ्यांनी ओढून पिशव्यांत भरतात, दाबून तिच्या विटा करतात आणि जाळतात. ही धूळ छातीला वाईट, आणि ठिणगी पडली तर स्फोट व्हायचीही भीती. त्यामुळे ती कधी एकदा जाते असं गिरणीवाल्यांना झालेलं असतं.

पहिल्यांदा मी ती मुठीत घेतली तेव्हा बोटं चिकट झाली. ताटाच्या लाकडाला चिकटपणा नसतो. म्हणजे ताटाबरोबर आलेला पाला, शेंड्यांचा चुरा आणि त्यांच्यावरचे राळेचे सूक्ष्म थेंब या धुळीत उतरले होते. शिवाय ताटाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. ताट भरडताना तो खरवडला जातो आणि धुळीतच जमतो. जाळायच्या विटेत मेण, राळ आणि रंगद्रव्यं एकत्र जातात हे लक्षात आल्यावर मला चैन पडेना.

आम्ही प्रयोगशाळेत (संशोधनापुरत्या परवानगीने) जे केलं त्याचा क्रम सांगतो, कारण या कामात क्रमच महत्त्वाचा.

आधी चाळणी. राळेचे थेंब मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. धूळ वस्त्रगाळ केली की वर वाखाचे तुटके धागे आणि काड्यांचा भुगा राहतो, आणि खाली बारीक पिठात राळ दाटते. चाळणीला द्रावक लागत नाही, आणि पुढे महागड्या यंत्रात घालायचा मालही कमी होतो. माझ्या मते सगळ्या साखळीतली सर्वात मोलाची पायरी हीच आहे.

मग कार्बन डायऑक्साइड. 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 74 बार दाब ओलांडला की हा वायू धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. वायूसारखा भेगाभेगांत शिरतो आणि द्रवासारखं विरघळवतो. मेण, सीबीडी (भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य), सुगंधी तेलं असे तेलकट पदार्थ तो उचलतो. दाब टप्प्याटप्प्याने उतरवला की आधी मेण खाली बसतं, मग राळ. शेवटी वायू सोडला की मालात द्रावकाचा अंश उरत नाही. या मेणात 29 कार्बनांची सरळ साखळी, म्हणजे नोनाकोसेन, भरपूर असते, बरोबर सिटोस्टेरॉलसारखे पदार्थही. लिपस्टिक, मलमं, फळांवरचा लेप यांत असं मेण चालतं.

या वायूला न विरघळणारं सगळं चोथ्यात राहतं. फ्लेवोनॉइड्स नावाची वनस्पतिद्रव्यं त्यातलीच. त्यांना पाणी आणि इथेनॉलचं मिश्रण लागतं. पाल्यात एपिजेनिन, ल्युटिओलिन ही इतर झाडांतही सापडणारी द्रव्यं आहेतच, पण कॅनफ्लेविन ए आणि बी ही नावाप्रमाणे भांगेची खास ओळख. 1980च्या दशकात लंडनमध्ये ती वेगळी केली गेली, आणि सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन रोखण्यात पेशींवरच्या प्रयोगात ती ॲस्पिरिनच्या कितीतरी पट प्रभावी ठरली. ही द्रव्यं झाड कशी बनवतं, हे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने 2019 मध्ये उलगडलं. पाल्यात त्यांचं प्रमाण फारच थोडं असल्याने औषध अजून लांब आहे.

हे सगळं काढून उरलेला चोथा मग खुशाल जाळा किंवा खत करा. आज होतं ते उलट, आधीच जाळणं.

भारतात, विशेषतः उत्तराखंडात, याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

---

शिवार

दादा, माहिती आवडली. एक विचारतो. आमच्याकडे उसाच्या बेवडासाठी, म्हणजे ऊस लावायच्या आधी जमिनीत गाडायला, ताग करतात. इंग्रजीत त्यालाही हेम्पच म्हणतात ना? दोन एकर उभा आहे, फुलावर आलाय. त्यातून असं काही निघेल का? गाडायच्या आधी विचारून घ्यावं म्हटलं.

---

उत्तरवारा

शिवार, बिनघोर गाडा, फुलावर आला म्हणजे हीच वेळ. तागाचं आणि भांगेचं नातं फक्त इंग्रजी नावापुरतं आहे. ताग शेंगवर्गातला, भांग वेगळ्याच कुळातली. अंबाडीलाही इंग्रज 'डेक्कन हेम्प' म्हणत, आणि तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' आहे ते पानं भांगेसारखी दिसतात म्हणून. ताग किंवा अंबाडी, दोन्हींत सीबीडी नाही. उलट तागाच्या बियांत यकृताला घातक अल्कलॉइड्स असतात, त्यामुळे बी धरलेला ताग जनावरांच्या वैरणीत जाऊ देऊ नका.

---

वेरूळकर

या विषयाचा आमच्या भागाशी जुना संबंध आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तुकडे सापडल्याचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पुरातत्त्व खात्यातले रसायनज्ञ आणि इथल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी मिळून तो केला होता. चुना-मातीत कुटलेली भांग मिसळलेली, आणि तो गिलावा दीड हजार वर्षं टिकला. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग आढळली नाही, आणि तिथे किडीने बरंच नुकसान केलंय. तुम्ही चुन्यात सणकाड्या कालवून बांधलेल्या भिंती लिहिल्यात ते वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडचे कारागीर हे करून गेलेत.

---

हिमगौरी

मी मूळची पुण्याची, सध्या पौडी गढवालमध्ये महिला गटांबरोबर काम करते. उत्तरवारा दादा, तुमचं वर्णन वाचताना वाटलं की डोंगरातलं चित्र तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे गिरणीच नाही, मग गिरणीची धूळ कुठली? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताटं कापतात, ताडपत्रीवर आपटून बी पाडतात, मग ताटं गदेऱ्यात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली दाबून भिजत घालतात. साल सुटली की हाताने सोलतात. पूर्वी या वाखाचं भंगेला नावाचं जाड कापड विणत, दोरखंड तर अजून वळतात. सणकाड्या चुलीला. तुम्ही म्हणता ती राळ ओढ्याच्या पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच ताडपत्रीवर पडलेली असते. बी पाखडून घेतलं की मागे हिरवट, चिकट कोंडा राहतो. बायकांचे हात मळणीनंतर काळे होतात, राख लावून घासावे लागतात. बी चटणीला, भाजीच्या वाटणाला. कोंडा गोठ्यात किंवा जाळात.

दोन वर्षांपूर्वी एका खरेदीदाराने हा कोंडा आणि पाला घ्यायचं कबूल केलं. बायकांनी आठ दिवस राबून प्लास्टिकच्या गोण्या भरल्या. गाडी तीन आठवडे उशिरा आली. तोवर आतून बुरशी धरली होती. माल नाकारला, एक पैसा मिळाला नाही. मागच्या साली दुसरा माणूस आला, रोख देतो म्हणाला, पण कागद एकही नाही. बायका घाबरल्या, आणि मीही त्यांना नको म्हटलं. बरोबर केलं की चुकलं, हे मला आजही कळत नाही. त्या घरांत त्या पैशाने फरक पडला असता.

---

अ‍ॅड_विदर्भ

हिमगौरीताई, तुम्ही बरोबर केलंत.

या धाग्यावर कायद्याबद्दल स्पष्ट लिहिणं गरजेचं आहे. 1985च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. बी आणि पाला त्यातून वगळले आहेत, पण केव्हा? शेंडे सोबत नसतील तेव्हा. मळणीचा कोंडा हा बहुतांशी शेंड्यांचाच चुरा असतो. 'आम्ही पालाच विकतोय' हा बचाव तिथे टिकेल असं मी कुणाला सांगणार नाही.

दुसरं, अर्क. याच कायद्यात चरसाची व्याख्या अशी आहे की झाडापासून वेगळी केलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध, आणि तिचं तीव्र केलेलं रूप, सगळं त्यात येतं. राळ काढून दाट केली म्हणजे आपण नेमके त्या व्याख्येच्या दारात उभे राहतो.

तिसरं, कलम 14. सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं, पण फक्त वाख आणि बी मिळवण्यासाठी, किंवा बागकामासाठी. उत्तराखंडाने 2018 मध्ये परवाने द्यायला सुरुवात केली ती याच आधाराने, 0.3 टक्के टीएचसीच्या अटीवर. हिमाचलने जानेवारी 2025 मध्ये पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे प्रायोगिक लागवडीचा अभ्यास सोपवला. लागवडीच्या परवान्यात अर्क काढायची मुभा आपोआप येत नाही. महाराष्ट्रातल्या कुणी हे वाचून बियाणं मागवू नये, ही कळकळीची विनंती.

---

उत्तरवारा

वकीलसाहेब, मी हे मूळ लेखात लिहायला हवं होतं. इथली अवस्थाही फार वेगळी नाही. डच कायद्यात भांगेला सूट आहे ती वाखासाठी आणि बियांसाठी, तीही उघड्या शेतात. अर्कासाठी ती सूट लागू नाही. फ्रान्सने डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलून पाला-फुलंही उद्योगाला खुली केली. सीमा ओलांडली की तोच पाला कचरा न राहता कच्चा माल होतो.

यात रसायनशास्त्राची एक गोष्ट आहे, ती गावोगावी सीबीडीची स्वप्नं विकणारे सांगत नाहीत. आकडे समजुतीसाठी धरतो. 1000 किलो धुळीत सीबीडी 1 टक्का, म्हणजे 10 किलो. टीएचसी 0.04 टक्के, म्हणजे 400 ग्रॅम. धूळ कायद्यात आरामात बसली. आता तिच्यातून 60 किलो कच्चा अर्क काढला आणि दोन्ही द्रव्यं पूर्ण उतरली असं मानलं, तर अर्कात सीबीडी साडेसोळा टक्क्यांच्या वर आणि टीएचसी 0.67 टक्के. मर्यादेच्या दुप्पट! एक कणही बाहेरून न घालता. झाड नियमात, अर्क नियमाबाहेर. पुढे टीएचसी वेगळं काढायला क्रोमॅटोग्राफी लागते, आणि काढलेल्या टीएचसीची विल्हेवाट हा आणखी एक परवाना.

शिवाय झाडात सीबीडी मुळात आम्लरूपात असतं. 110 अंशांच्या आसपास तापवून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवावा लागतो, तेव्हा 100 ग्रॅमचे 88 ग्रॅम होतात. कागदावरच्या हिशेबात ही घट बहुतेकदा नसते.

हिमगौरीताई, डोंगरातला कोंडा माझ्या डोक्यात नव्हता. बी ज्या लहान पानाच्या कुशीत असतं, ते राळेने सर्वांत भरलेलं असतं, आणि मळणीत तेच तुटून पडतं. म्हणजे तुमचा कोंडा माझ्या धुळीपेक्षा कितीतरी श्रीमंत आहे, आणि म्हणूनच जास्त जोखमीचा.

---

चीफ_केमिस्ट

सांगली भागातल्या साखर कारखान्यात तीस वर्षं काढली. हा धागा वाचून प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, आठवला.

उसाच्या कांडीवर पांढरी भुकटी असते ना, ते मेण. त्यातलं जे रसात उतरतं ते रस गाळताना प्रेसमडमध्ये जातं. वाळलेल्या प्रेसमडमध्ये 5 ते 14 टक्के मेण निघतं, आणि त्यात 28 कार्बनांचं ऑक्टाकोसॅनॉल मुख्य. आपण ते काय करतो? डिस्टिलरीच्या सांडपाण्यात कालवून खत. माझ्या काळात मेण काढायचा प्रस्ताव दोनदा आला आणि दोनदा बारगळला. कारणं ऐका, तुमच्या कामाला येतील.

प्रेसमड ओला आणि गरम निघतो. ढीग मारला की आतून तापतो, आंबतो, मेणाचा रंग काळा पडतो. वाळवायला जी वाफ लागते तिचा खर्च मेणाच्या भावाला खाऊन टाकतो. हंगाम पाच महिन्यांचा, यंत्र सात महिने बसून. आणि द्रावक म्हणून हेक्झेन वापरायचं म्हटलं की आगीची धास्ती.

तुमची धूळ कोरडी आहे आणि ताटं साठवून वर्षभर भरडता येतात, म्हणजे आमच्या तीन अडचणी तुम्हाला नाहीत. कार्बन डायऑक्साइडचं यंत्र महाग आहे हे खरं, पण केरळात मिरी-आल्याचा अर्क काढणाऱ्या कारखान्यांत ते तंत्र रुळलेलं आहे. एका मालासाठी यंत्र घेऊ नये. वर्षभर फिरते माल लावावेत.

---

वैद्य_सातारा

आयुर्वेदात हिला विजया म्हणतात. औषधी नियमांच्या ई-1 परिशिष्टात भांग आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच द्यायचं द्रव्य. आज बाजारात 'विजयापत्र अर्क' म्हणून जे तेल विकलं जातं ते याच वाटेने येतं. ग्रंथांत पानं शोधन करून, धुऊन, तुपात परतून घ्यायला सांगितली आहेत. कारखान्याच्या मागे पडलेल्या धुळीतून औषध करावं हे माझ्या मनाला पटत नाही. जमिनीतलं शिसं, कॅडमियम हे झाड सहज शोषतं. द्रव्य कुठल्या शेतातलं, हे माहीत नसलेला अर्क मी रुग्णाला देणार नाही.

---

उत्तरवारा

वैद्यजी, धातूंबद्दल पूर्ण सहमत. जमिनी स्वच्छ करायला हे झाड लावतात, त्यामागे हाच गुण आहे. धुळीतलं मेण लेपाला, पॉलिशला जावं, पोटात जायच्या मालासाठी शेताचा माग हवाच. शोधनाबद्दल मात्र मी तुमच्याकडून शिकेन. तुपात परतताना आम्लरूप मोडत असणार आणि तेलकट द्रव्यं तुपात उतरत असणार. तापमान किती असतं, कुणी मोजलंय का?

चीफ केमिस्ट सर, 'एका मालासाठी यंत्र घेऊ नये' हे वाक्य मी उद्या इथल्या बैठकीत सांगणार आहे.

---

हिमगौरी

सगळ्यांचं वाचलं. म्हणजे कोंडा सध्या हातात घ्यायचा नाही, हे कळलं. पण मग आमच्या बायकांच्या हातात काय? दरवेळी उत्तर 'थांबा' हेच का?

---

उत्तरवारा

ताई, तुमचा राग रास्त आहे. माझं प्रामाणिक मत सांगतो, कचऱ्याची सुरुवात पेंडीपासून करा.

2021 मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ अन्न म्हणून मान्य केलं. टीएचसीची मर्यादा आहे, पण रस्ता खुला आहे. लाकडी किंवा लोखंडी घाण्यावर तेल काढलं की मागे पेंड राहते, तिच्यात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनं. मुख्य प्रथिन एडेस्टिन. ते सौम्य अल्कलीच्या पाण्यात विरघळतं आणि आम्लता वाढवून सामू (पीएच) 5 च्या जवळ आणला की साक्यासारखं खाली बसतं. पनीर करणाऱ्या हातांना हे शिकवावं लागणार नाही. टरफलात लिग्नानामाइड्स नावाची अँटिऑक्सिडंट द्रव्यं आहेत, कॅनाबिसिन त्यांतलीच. नावात 'कॅनाबि' असलं तरी त्यांचा नशेशी संबंध नाही. टरफल इथेनॉल-पाण्यात भिजवून ती निघतात, उच्च दाबाचं यंत्र लागत नाही.

फक्त एक काळजी घ्या. बी स्वतः टीएचसी बनवत नाही, ते बियांच्या सालीवर कोंड्याची राळ लागून येतं. म्हणून दोनदा पाखडणं, चाळणं, आणि घाण्याआधी बी झटपट धुऊन पूर्ण वाळवणं, यावर तपासणीचा निकाल ठरतो. मळणीच्या ताडपत्रीवरच बी वेगळं करा आणि प्लास्टिकच्या गोणीऐवजी गोणपाटाच्या पोत्यात भरा, म्हणजे दोन वर्षांपूर्वी कोंड्याला धरली तशी बुरशी धरायची भीती कमी होईल.

सणकाड्यांतून झायलोज, लिग्निन काढायचे प्रयोग मी पाहिले. माझ्या मते त्या वाटेला जाऊ नका. चुन्याबरोबर भिंतीतच त्यांचं सोनं होतं.

---

चीफ_केमिस्ट

पेंडीचं पटलं. ताई, घाण्यातून निघाल्यावर पेंडीत तेल राहतंच, आणि हे तेल लवकर खवट होतं. पेंड पंधरा दिवसांच्या आत वापरा. फायटिक आम्लही (ते अन्नातली खनिजं अडवतं) बरंच असतं, प्रथिन बसवताना दोन पाणी जास्त द्या. तुमच्याकडे सामू मोजायची पट्टी आहे का? नसेल तर आधी ती मागवा, अंदाजाने आम्ल ओतू नका.

---

अ‍ॅड_विदर्भ

ताई, कोंड्याचा नमुना तपासायला पाठवायचा असेल तर पोस्टाने, कुरिअरने, कुणाच्या गाडीतून, कशानेही पाठवू नका. आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि अबकारी विभागाकडे लेखी अर्ज: गटाच्या लागवड परवान्याचा क्रमांक, कोंड्याचं वजन, कुठल्या प्रयोगशाळेला आणि कशासाठी. डेहराडूनजवळ सेलाकुईला सगंध पौधा केंद्र आहे, जम्मूला भारतीय एकात्मिक औषध संस्था आहे. अर्ज अशा सरकारी संस्थांच्या नावे असेल तर विचार होण्याची शक्यता जास्त. मसुदा मी करून देतो, फी नको.

---

हिमगौरी

वकील दादा, मसुद्यासाठी व्यक्तिगत निरोप पाठवलाय. परवाना गटाच्या अध्यक्ष काकूंच्या नावावर आहे, त्याची प्रत उद्या खाली बाजारात जाऊन काढते.

सर, सामूची पट्टी नाहीये, पण गावच्या शाळेत विज्ञानाच्या पेटीत लिटमस आहे. चालेल का, की वेगळीच लागते?

---

चीफ_केमिस्ट

लिटमस चालणार नाही, ते फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगतं. 1 ते 14 आकड्यांची रंगपट्टी असते ती घ्या. पहिल्या खेपेला अर्धा किलोच पेंड घ्या, आणि खाली किती साका बसला ते मापून इथेच लिहा.